तेलाच्या डागाची चिठ्ठी

५ जून

बाळा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच बाजूला टाकलं असतंस, म्हणून पत्ता वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंकडून लिहून घेतला. उघडलंस म्हणजे फसलास. आता शेवटपर्यंत वाच.

फोन करून पाहिला होता. माझ्या नंबरावरून तुझा फोन लागत नाही, त्याला आता चार वर्षं झाली. मुंगीचा फोन घेऊन तुला गाठावं असं मनात आलं, पण बहिणीचं नाव बघून तू उचलायचास आणि माझा आवाज ऐकायचास, ते बरं दिसलं नसतं. तिच्या वाढदिवसाला तू पाठवलेल्या खोक्यावर तुमच्या लिफ्टच्या वर्कशॉपचा पत्ता होता. खोक्यात मी डाळ भरून ठेवली आहे. पत्ता कापून देवाच्या फळीवर ठेवला होता.

तसं विशेष काही नाही. मुंगी बारावी झाली, तुला तिने सांगितलंच असेल. तुम्ही दोघं बोलता हे मला ठाऊक आहे. ती जिन्यात बसून बोलते आणि मी तेवढा वेळ नळ बंद ठेवते. पाण्याची बचत होते.

गेल्या महिन्यात तिला अठरा पूर्ण झाली. तुझे बाबा ज्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे, तिथल्या मालकांनी तिला काउंटरवर बसायला बोलावलं आहे. ओळखीची जागा, घरापासून चालत जाता येतं, दुपारी जेवायला घरी. आणि तिने मला न सांगता डोळे तपासायच्या कोर्सला अर्ज केला होता, तिथेही तिचा नंबर लागला. ते शहर रात्रभराच्या प्रवासावर. होस्टेलात राहायचं. दोन्हीकडे महिनाअखेरीस सांगायचं आहे.

मी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. आपल्या घरात जसं ठरतं तसं ठरवू म्हटलं. तू त्याला 'आईची लॉटरी' म्हणायचास. म्हण. पण तुझ्या आजारपणात, घर बदलताना, प्रत्येक अडलेल्या वेळी मी दिवा लावून देवापुढे दोन चिठ्ठ्या ठेवल्या, एकीवर 'हो', एकीवर 'नाही', आणि घरातल्या धाकट्याच्या हाताने एक उचलवली. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या बाईने आणखी कुणाला विचारायचं? धाकटी म्हणजे मुंगी, ती पाच वर्षांची असल्यापासून उचलते आहे. कधी कुरकुर केली नाही.

या वेळी तिने उचलली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

एवढंच. त्या दिवसापासून तुझा फोन येतो तेव्हा ती स्क्रीनवरच्या 'दादा'कडे बघत बसते, उचलत नाही. तिला दोन ओळी लिही. काय लिहायचं ते मला सांगता येत नाही. उत्तराला कागद शोधू नकोस, याची मागची बाजू कोरी आहे.

आई


१४ जून

बाळा,

उत्तर नाही आलं. येईल असं धरून रोज खालच्या पेटीत हात घालून बघते. काल कोळ्याचं जाळं हाताला लागलं.

डोकं दुखत नव्हतं. ते मी लिहिलं, कारण खरं लिहायला हात धजेना. आज लिहिते.

त्या सकाळी आंघोळ करून दिवा लावला, पाठ करून चिठ्ठ्या हातात खुळखुळवल्या आणि देवापुढे ठेवल्या. कुठली कुठे ते मलाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "उचल गं, दुधाला उशीर होतोय."

ती मांडी घालून बसली होती, ओले केस तसेच. म्हणाली, "प्रश्न काय विचारलायस?"

"शिकायला जायचं का, असा."

"मग न जायची डावीकडची आहे. राहायला हवी असेन तर ती उचलते. सांग."

मी डावीकडची उघडून पाहिली. 'नाही'. बाळा, मी वेड्यासारखे हात जोडले. मला वाटलं, पोरीला आतून दिसायला लागलं.

"आई, हात काय जोडतेस? कोपऱ्याला तेल लागलंय बघ."

खरंच लागलं होतं. तुला त्या चिठ्ठ्या आठवतात ना? कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड, सुरेख कागद होता. दर वेळी नवा कागद फाडायचा, लिहायचा, टाकायचा, ही उधळपट्टी मला कधी जमली नाही. म्हणून पहिल्यापासून त्याच दोन. उदबत्तीच्या रिकाम्या नळकांड्यात ठेवायची आणि काम पडलं की काढायची. दिव्याचं तेल कधी सांडलं देव जाणे. बोटाच्या नखाएवढा पिवळा डाग. तुझ्या बाबांनी स्वतः घासून दिलेला चष्मा नाकावर असून मला कधी दिसला नाही.

"तुला कधीपासून कळतं?"

"दुसरीत असल्यापासून. मांजर ठेवायची का, विचारलं होतंस ना?"

मांजर आपण ठेवली होती. नऊ वर्षं ती माझ्या गव्हाच्या डब्यावर झोपली, आणि मी तिला देवाच्या मर्जीची म्हणून हाकलत नव्हते.

मग मी एकेक विचारत गेले. विचारायला नको होतं. आजीला आपल्याकडे ठेवून घ्यायचं की काकांकडे पाठवायचं, तिने ठेवून घेतलं होतं. ही खोली सोडून मागच्या चाळीत जायचं का, तिने नाही म्हटलं, कारण तिथे संडास बाहेर होता आणि तिला अंधाराची भीती वाटायची. मी चाळीच्या मालकाला सांगितलं होतं, देवाची इच्छा नाही.

आणि तुझं. तुला शाळा सोडून लिफ्टवाल्या मिस्त्रीच्या हाताखाली जायचं होतं, तेव्हा बाबा नको म्हणत होते, मीही नको म्हणत होते. 'हो' निघाली. तू केवढी उडी मारलीस, वर पंख्याला हात लागला. तेव्हा ही नऊ वर्षांची होती. मी विचारलं, "का गं?" तर म्हणाली, "दादा गणिताचं पुस्तक तोंडावर घेऊन रडायचा. मला वाटलं, पुस्तक ओलं होईल."

तू आज जिथे आहेस तिथे तुला देवाने नाही पाठवलं. हे तुला कळावं असं मला वाटलं. कळून बरं वाटेल की वाईट, ते मला माहीत नाही.

एक मात्र मी विचारलं नाही. कुठलं ते तू ओळखलं असशील. तिने माझ्याकडे पाहिलं, मी उठून दूध तापत ठेवलं.

आई


२१ जून

बाळा,

मी विचारलं नाही, पण तिने सांगितलं. भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून.

तुला आठवण करून द्यायला नको. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं, बाबांच्या हृदयाची नळी कुठे बुजली आहे ते. म्हणाले, ऑपरेशन लवकर झालेलं बरं, औषधांवर थोडं थांबताही येईल, पण मी असतो तर थांबलो नसतो. तू म्हणालास, आजच नाव घाला. मी म्हटलं, उद्या सकाळी देवाला विचारू. 'नाही' निघाली. आपण थांबलो. दोन महिने होत आले होते आणि हे दुकानात चाकावर भिंग धरल्या धरल्या खाली वाकले. मालकांना वाटलं, पडलेला स्क्रू शोधतायत.

तेराव्या दिवशी तू दारात बॅग घेऊन उभा राहिलास आणि मला जे बोललास ते मी कुणाला सांगितलेलं नाही. विसरलेही नाही.

मुंगी म्हणाली, "आदल्या संध्याकाळी बाबांनी मला गच्चीवर नेलं. म्हणाले, मुंगे, उद्या तेलाची उचल हं."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "त्यांना माहीत होतं?"

"पहिल्यापासून. भिंगवाले ना ते. मला म्हणायचे, तुझ्या आईला सांगू नकोस, तिचा देव दोन दमड्यांच्या कागदावर उभा आहे, पडेल."

"तुम्ही दोघं हसायचात मला?"

"कधीकधी." मग म्हणाली, "त्या दिवशी नाही हसले. छाती फाडणार म्हणून घाबरले होते. दादाला सांगता येईना, तुला सांगता येईना. मला म्हणाले, देवाने नाही म्हटलं की कुणी मला भित्रा म्हणणार नाही."

बाळा, एकवीस वर्षं मी या माणसाचं ताट वाढलं. त्यांना भीती वाटते हे मला सांगितलं नाही. चौदा वर्षांच्या पोरीला सांगितलं.

मी तिला म्हटलं, मग तुझा काय दोष? वडिलांनी सांगितलं, तू ऐकलंस. ती म्हणाली, "हात माझा होता. दुसरी उचलली असती तर? बाबा चिडले असते, तेवढंच. चिडले असते, आणि असते." आणि ताट घासत राहिली, घासलेलंच.

मी म्हटलं, अगं, तुझ्या हाताने देवानेच उचलवली असेल. तर वळून म्हणाली, "म्हणजे देवाला दुसरं कुणी मिळालं नाही? मला पुढे केलं?"

तेव्हापासून सकाळी दिवा लावते, हात जोडते आणि गप्प बसते. आधी मागणं असायचं, आता काय मागू? जे मागत होते ते ही पोर देत होती.

तिची दशा सांगते. जिने सगळ्या घराचं ठरवलं तिला आता काही ठरवता येत नाही. भाजीला पाठवलं, भाजीवाल्याने विचारलं, वांगी की कोबी, तर रिकामी पिशवी घेऊन परत आली. वर काकू नवा सदरा शिवतायत तिला. त्यांनी विचारलं, "बाही आखूड ठेवू की लांब?" ही उभ्या उभ्या रडायला लागली. काकू खाली येऊन मला म्हणाल्या, "अहो, पोरीला झालंय काय? मी म्हटलं, बाई, अर्धी ठेवते, पण रडू नकोस, माझं कापड भिजेल." हसवायला म्हणाल्या. ती हसली नाही. दुकानाच्या मालकांचा निरोप आला, कोर्सवाल्यांचाही आला. दोन्ही तिने ऐकले आणि पांघरूण ओढून घेतलं.

राहा म्हणावं, तर तिच्या आयुष्यावर मी बसले असं होईल. जा म्हणावं, तर तोंडातून शब्द निघत नाही. माझ्या हातात काहीच नाही, रे. चिठ्ठ्यासुद्धा नाहीत.

म्हणून तुला एक मागते. चार वर्षांत काही मागितलेलं नाही. तिला फोन कर, ती उचलेपर्यंत कर. आणि त्या दिवशी दारात जे मला बोललास ते तिला सांग. आईने बाबांना मारलं म्हण. आईच्या देवभोळेपणाने मारलं म्हण. तसंच, त्याच शब्दांत. मवाळ करू नकोस. माझ्यावरचा राग असू दे, आता तो उपयोगाला येईल.

आई


२९ जून

बाळा,

तू फोन केलास. देव तुझं भलं करो.

परवा दुपारी. तिने तीनदा वाजू दिला, चौथ्यांदा उचलला आणि जिन्यात गेली. मी नळ बंद केला. मग पुन्हा सुरू केला. मला ऐकायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने आत आली. डोळे सुजलेले. पाण्याचा पेला भरून घेतला आणि माझ्या समोर बसली.

"दादा म्हणाला, बाबा तुझ्यामुळे गेले. माझ्यामुळे नाही."

मी म्हटलं, "बरोबर म्हणाला तो."

"कागदावर देव बसवणारी बाई, असं म्हणाला."

"ते दारातही म्हणाला होता."

"आणि हे म्हणताना मध्येच रडायला लागला." ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी तुझ्या बाबांसारखी, भिंग उजेडाला धरून चरा शोधावा तशी. "आई, हे त्याला तूच सांगायला लावलंस ना?"

मी देवाच्या फळीकडे पाहिलं.

"तिकडे काय बघतेस? मला तुझी खूण लगेच कळते. दुसरीत असल्यापासून कळते."

बाळा, मला खोटं बोलता आलं नाही. एवढी एक गोष्ट करायची होती पोरीसाठी, तीही धड जमली नाही. मी पदर तोंडाला लावला. ती जवळ आली नाही, समजूत घातली नाही, लांबूनच म्हणाली, "बाबांनी सांगितलं. मी उचलली. तू मानलंस. दादाने भांडून का होईना, पण मानलंच ना? चौघांचं होतं ते. मी लहान असताना माझा वाटा तुम्ही कुणी माझ्याकडून घेतला नाहीत, आता नका घेऊ. माझं मला ठेवू दे."

हे बोलली तेव्हा ती माझी मुलगी वाटेना. कुणीतरी मोठी बाई घरात येऊन बसली होती, आणि मला तिला चहा विचारावासा वाटला. विचारलाही. "कमी साखरेचा," म्हणाली. पहिल्यांदा कळलं मला, तिला कमी साखरेचा लागतो.

काल सकाळी उठली, काकूंकडून सदरा आणला, अर्ध्या बाहीचाच, तो घालून दुकानात गेली आणि मालकांना हात जोडून नाही म्हणून आली. मग कोर्सवाल्यांना फोन केला. हे सगळं झाल्यावर मला सांगितलं. आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी जाऊ नको म्हटलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

तू रडलास असं ती म्हणाली. मला बरं वाटलं असं कसं लिहू? पण वाटलं.

आई


१२ जुलै

बाळा,

मुंगी गेली. सोमवारी संध्याकाळची बस.

तिच्या बॅगेत मी दोन चादरी घातल्या, तिने एक काढली. पोथी घातली, ती काढली नाही, पण बघून हसली. तिच्या बाबांचं जुनं भिंग, हातात धरायचं, ते कुठून काढलं कोण जाणे, ते मोज्यात गुंडाळून घेतलं. मी बसमध्ये चढून तिच्या शेजारी बसले, बस सुटेपर्यंत. कंडक्टरने येऊन विचारलं, "किती?" माझ्या तोंडातून "दोन" निघणार होतं. ती म्हणाली, "एक." मी उतरले.

खिडकीतून म्हणाली, "दादाला पत्र लिहीत राहा."

"तो कुठे उत्तर देतो?"

"मी तरी कुठे फोन उचलत होते?"

बस गेल्यावर मी जरा वेळ तिथेच उभी होते. हमाल म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, दुसरी लागतेय." मी बाजूला झाले.

घरात आता एका माणसाचा स्वयंपाक. भाताचं सगळ्यात लहान पातेलं काढलं, तेही मोठं पडतं. दोन दिवस उरलेलं खाल्लं, तिसऱ्या दिवशी माप जमलं. काकू येतात, बसतात, "माझ्याकडे या जेवायला, एकटीसाठी गॅस कशाला जाळता?" म्हणतात. त्यांना ठाऊक आहे मला काय सांगितलं की पटतं ते. मी मात्र जात नाही. तिचा फोन संध्याकाळी येतो. आवाज बारीक असतो, पण ठीक आहे म्हणते. बरं नसलं तरी ठीक आहे म्हणेल, हे मी आता ओळखते. तिथे रडत असेल तर मला इथे कळायचं कसं? विचारायची सोय नाही, आणि विचारलं तरी ती सांगणार नाही.

हे पत्र दोन दिवस लिहून पडलं होतं. यात एक ओळ घालायची होती आणि घालू की नको ते ठरेना. सवयीने आज सकाळी आंघोळ केली, दिवा लावला, नळकांड्यातून त्या दोन चिठ्ठ्या काढल्या. फेकल्या नव्हत्या. फेकून दे असं मुंगी म्हणाली नाही आणि माझ्याने फेकवल्या नाहीत. पाठ करून खुळखुळवल्या आणि मांडल्या. मग लक्षात आलं, उचलायला घरात कुणी नाही.

म्हटलं, मीच उचलते, आता मीच थोरली आणि मीच धाकटी. डोळे मिटून हात पुढे केला. पण डाग एकदा दिसला की दिसला, रे. मिटल्या डोळ्यांनीही बोटाला कळत होतं, डावीकडचा कागद जरा मऊ आहे. मी कितीही देवावर सोपवलं तरी उचलणार मीच होते, मला हवी ती. तशीच बसून राहिले. वात जळत आली तेव्हा दोन्ही होत्या तशा आत ठेवून दिल्या.

ती ओळ लिहिते आहे. देवाला विचारलेलं नाही, मुंगीलाही नाही. तू नाही म्हणालास तर ते माझ्याच पदरात पडेल, दुसऱ्या कुणाच्या नाही.

घरी येशील का?

आई